रूळ टाकण्याआधी

१२ जुलै १९९९ रोजी २५ कोटी रुपयांच्या भागभांडवलावर एक सरकारी कंपनी नोंदली गेली. त्यातले ५१ टक्के रेल्वे मंत्रालयाचे आणि ४९ टक्के महाराष्ट्र शासनाचे. मुंबईच्या लोकलला लागणाऱ्या हजारो कोटींपुढे ही रक्कम नाममात्र होती. त्या दोन टक्केवाऱ्या एका कागदावर आल्या, हीच त्या दिवसाची कमाई. मुंबई रेल्वे विकास महामंडळ हे तिचं नाव. रेल्वेतली माणसं आणि पत्रकार मात्र ‘एमआरव्हीसी’च म्हणतात.

अशा कंपनीची गरज का पडली, हे समजून घ्यायचं तर जुनी अडचण आठवावी लागते. रूळ रेल्वेचे, गाडीतली माणसं मुंबईची, आणि रुळांलगतची जमीन कधी राज्याची, कधी महापालिकेची, कधी वनखात्याची. उपनगरी मार्गाची एखादी योजना दिल्लीत मंजूर झाली तरी मुंबईत अडायची, आणि मुंबईत कितीही निकडीची ठरली तरी दिल्लीत मागे पडायची. नवा मार्ग गुंतवणुकीवर १४ टक्के परतावा देणारा हवा, अशी रेल्वेची जुनी कसोटी होती. महिन्याचा पास काढणाऱ्यांच्या भाड्यातून हा आकडा गाठणं केवळ अशक्य. मग दरवेळी फाइल परत यायची, आणि गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्यांची संख्या वाढत जायची.

या कोंडीतून बाहेर पडायची वाट आधी वाशी खाडीच्या पलीकडे सापडली होती. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. नवी मुंबईत वसाहती उभ्या राहिल्या, खाडीवरून मोटारींसाठी पूलही झाला. मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचायला मात्र १९९२ साल उजाडलं. तीही पोहोचली ती सिडकोने खर्चाचा दोन तृतीयांश भार उचलल्यामुळे. उरलेला एक तृतीयांश रेल्वेचा. ज्याला गाडी हवी त्याने खर्चात वाटा उचलायचा आणि मग आखणीतही त्याचा शब्द ऐकायचा, हे सूत्र तिथे रुजलं. महामंडळ म्हणजे त्याच सूत्राचं महानगरभर पसरवलेलं रूप, असं मला वाटतं. नवी मुंबईच्या त्या दोन दशकांची आठवण ठेवणंही गरजेचं आहे, कारण घरं आधी आणि गाडी मागाहून, ही चूक आपण पुन्हा पुन्हा करत आलो आहोत.

महामंडळाच्या जन्माआधीच एक मोठा अभ्यास होऊन गेला होता. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणासाठी डब्ल्यू. एस. ॲटकिन्स या सल्लागार संस्थेने १९९४ मध्ये सर्वंकष वाहतूक आराखडा तयार केला. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून साकारलेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाची, म्हणजे एमयूटीपीची, कामं त्या अभ्यासाच्या पायावर ठरली. त्या काळातल्या लोकलचे आकडे आजही अंगावर येतात. नऊ डब्यांच्या गाडीची क्षमता साधारण १,७०० प्रवाशांची, आणि ऐन गर्दीच्या वेळी त्यात साडेचार हजारांहून अधिक माणसं. एका चौरस मीटरमध्ये उभी असलेली १४ ते १६ माणसं! इतक्या गर्दीसाठी वाहतूकतज्ज्ञांना ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नवं नाव शोधावं लागलं. जगातल्या कुठल्याही उपनगरी सेवेच्या आराखड्यात बसणारी ही गोष्ट नव्हती.

अशा ठिकाणी अभ्यास कशाचा करायचा? लोकलच्या मार्गाचा अभ्यास म्हणजे नकाशावर रेघ ओढणं, असा समज असतो. ती रेघ खरं तर बरीच उशिरा येते. आधी माणूस कुठून निघतो आणि कुठे पोहोचतो हे घरोघर जाऊन विचारावं लागतं. स्थानकांवर उभं राहून चढणारे-उतरणारे मोजावे लागतात. कुठल्या दोन स्थानकांमध्ये, कुठल्या दिशेला, दिवसाच्या कुठल्या तासाला सगळ्यांत जास्त माणसं असतात, तो एक आकडा हाती येईपर्यंत पुढचं काहीच ठरत नाही. गाडीचे डबे, दोन गाड्यांमधलं अंतर, फलाटांची लांबी आणि वीज हे सगळं त्या आकड्यावर टेकलेलं असतं. मग आखणीचे दोन-तीन पर्याय, जमिनीच्या पोटातले नमुने, पुलांच्या जागा, आणि शेवटी सविस्तर प्रकल्प अहवाल. तो दिल्लीला जातो, प्रश्न घेऊन परत येतो, पुन्हा जातो.

पहिल्या टप्प्याला २००२ मध्ये जागतिक बँकेचं ५४.२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. रेल्वेबरोबर रस्त्यांची कामंही त्यात होती. बोरिवली ते विरारदरम्यान तिसरी-चौथी मार्गिका, कुर्ला ते ठाण्यादरम्यान पाचव्या-सहाव्या मार्गिकेचा पहिला भाग, नऊऐवजी बारा डब्यांच्या गाड्या. कागदावर ही सगळी अभियांत्रिकी कामं. जमिनीवर पाहिलं तर हार्बर आणि मध्य मार्गावर कित्येक ठिकाणी झोपड्या रुळांपासून काही फुटांवर होत्या, आणि तिथून जाताना गाड्यांना वेग ताशी १५-२० किलोमीटरवर आणावा लागे. नवीन मार्गिकेची जागा म्हणजे कुणाचं तरी स्वयंपाकघर.

या वस्त्यांचं पुनर्वसन हा महामंडळाच्या वाटचालीतला सगळ्यांत मोलाचा भाग. स्पार्क ही संस्था, जॉकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि महिला मिलन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच रुळांकाठच्या वस्त्यांची मोजणी केली होती. १८ हजारांहून अधिक कुटुंबांची नोंद झाली. ही मोजणी वस्तीतल्या बायकांनी, स्वतःच्या गल्लीत स्वतः फिरून केली होती. कोण कुठे राहतं, घरात माणसं किती, कामाला कोण कुठे जातं, हे सरकारी सर्वेक्षकाला सांगताना माणूस बिचकतो. शेजारणीला सांगताना बिचकत नाही. पुढे जेव्हा पुनर्वसनाची वेळ आली, तेव्हा ही यादी सरकारच्याही उपयोगी पडली.

तरीही सगळं सुरळीत झालं नाही. २००० च्या सुरुवातीला हार्बर मार्गालगतच्या कित्येक झोपड्या पाडल्या गेल्या. वस्त्या रस्त्यावर उतरल्या, पाडकाम थांबलं, आणि त्यानंतर राज्य सरकार, रेल्वे व महासंघ एकत्र बसले. ठरलं ते असं, की आधी संक्रमण निवाऱ्यात हलायचं, जागा मोकळी करून द्यायची आणि मग २२५ चौरस फुटांच्या पक्क्या घरात जायचं. कुणी कुणाच्या शेजारी राहायचं हेही वस्तीनेच ठरवायचं. अशा रीतीने रुळांकाठची ६० हजारांच्या आसपास माणसं बळजबरी न होता हलली. भारतातल्या कुठल्याही मोठ्या पायाभूत प्रकल्पात हे विरळाच घडलं आहे, आणि त्याचं श्रेय अभियंत्यांइतकंच त्या मोजणी करणाऱ्या बायकांचं आहे.

नवी घरं मिळाली म्हणून प्रश्न मिटले, असं मात्र म्हणता येत नाही. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. कामाची जागा लांब गेली, लिफ्टचा आणि पाण्याचा खर्च अंगावर आला. एमयूटीपीच्या रस्त्यांच्या कामात तर दुकानदारांनी जागतिक बँकेच्या तपासणी समितीकडे तक्रार नेली आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनासाठीचा पैसा काही महिने रोखून धरला. घर देणं हा पुनर्वसनाचा पहिला अध्याय असतो, हे या प्रकरणातून सगळ्यांनाच कळलं.

याच सुमारास आणखी एक प्रचंड काम प्रवाशांच्या नकळत चाललं होतं. मुंबईत पहिली विजेवरची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली ती १,५०० व्होल्ट डीसी विजेवर. बारा डब्यांच्या गाड्या दर तीन मिनिटांनी सोडायच्या तर एवढ्या विजेवर भागणार नव्हतं. म्हणून २५ हजार व्होल्ट एसीकडे जायचं ठरलं, तेही एकही दिवस लोकल बंद न ठेवता. पश्चिम रेल्वेवर हे रूपांतर २०१२ मध्ये पूर्ण झालं, मध्य रेल्वेवर २०१५ मध्ये, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरून शेवटची डीसी लोकल धावली. दोन्ही विजांवर चालणाऱ्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या आल्या, त्यांत छतातून हवा खेळवणारे पंखे आले. रविवारच्या मेगाब्लॉकला आपण सगळ्यांनीच नावं ठेवली आहेत. त्या रविवारी तारांवर चढून हे काम करणाऱ्या कामगारांचं ऋण मात्र फारसं कुणी बोलून दाखवलेलं नाही.

दुसरा टप्पा २००८ च्या सुमारास मंजूर झाला. त्यातली अंधेरी ते गोरेगाव ही हार्बर मार्गाची वाढ २०१८ मध्ये लोकांच्या उपयोगी पडली. खार ते गोरेगाव सहावी मार्गिका नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू व्हायला १८ फेब्रुवारी २०२२ ची तारीख लागली. नऊ-दहा किलोमीटरच्या टप्प्याला बारा-तेरा वर्षं! खर्च सुमारे ६२० कोटी, १.४ किलोमीटरचा रेल्वे उड्डाणपूल, तीन मोठे पूल, जोडीला वस्त्यांचं स्थलांतर, आणि हे सगळं करताना शेजारच्या चार रुळांवरची वाहतूक अखंड चालू. कारणं खरी आहेत. पण डोंबिवली-बदलापूरच्या एका अख्ख्या पिढीने नोकरीची पहिली वर्षं या विलंबात उभ्याने काढली, हेही तितकंच खरं आहे.

आता मृत्यूंविषयी. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी हजारो माणसं मरतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा आकडा साडेतीन हजारांच्याही वर होता. २०२४ मध्येही तो अडीच हजारांच्या आसपास राहिला. निम्म्याच्या आसपास रूळ ओलांडताना, बाकीचे बरेचसे गाडीतून पडून. कित्येक वर्षं या मृत्यूंची जागा पोलिसांच्या वहीत होती, नियोजनाच्या तक्त्यात नव्हती. रूळ ओलांडणं हा गुन्हा, मरणारा गुन्हेगार, विषय संपला. २०१० च्या सुमारास वडाळ्याजवळ मध्य रेल्वेने एक वेगळा प्रयोग केला. येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांना पटकन जाणवावा म्हणून रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्याचे फलक लावले. माणूस रूळ का ओलांडतो, असा प्रश्न विचारायला तिथून सुरुवात झाली.

डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी-३ मध्ये म्हणूनच एक रकाना लक्ष वेधून घेतो. एकूण १०,९४७ कोटींपैकी ५५१ कोटी फक्त दोन स्थानकांदरम्यान रूळ ओलांडणं थांबवण्यासाठी आहेत. पादचारी पूल, कुंपणं, जिने. विरार-डहाणू चौपदरीकरणाला ३,५७८ कोटी, नव्या गाड्यांना ३,४९१, पनवेल-कर्जतला २,७८२, ऐरोली-कळवा उन्नत जोडमार्गाला ४७६. तांत्रिक साहाय्याला ६९ कोटी, म्हणजे हजार रुपयांतले साधारण सहा. या सहा रुपयांत हात आखडता घेतला की उरलेले ९९४ रुपये चुकीच्या जागी जाऊ शकतात.

मंजुरीनंतर वर्ष व्हायच्या आतच, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. गाड्या, मार्गिका, वीज सगळं मोजलं जात होतं. परळच्या गिरण्यांच्या जागी कार्यालयं उभी राहिल्यावर तिथल्या अरुंद जिन्यावर सकाळी दहाला किती माणसं येणार, हे मात्र कुणी वेळेत मोजलं नव्हतं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारातली माणसं खाली पडली आणि त्यातल्या काहींचे जीव गेले, तेव्हा बिगरवातानुकूलित गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं लावण्याचा विषय ऐरणीवर आला. दार बंद करायचं तर आतली हवा, चढायला लागणारे सेकंद आणि वेळापत्रक सगळंच नव्याने आखावं लागतं. हा अभ्यास आधीच व्हायला हवा होता, आणि हे म्हणताना मन जड होतं.

पनवेल-कर्जत मार्गाकडे मी जास्त आशेने पाहतो. महामंडळाची आजवरची बहुतेक कामं जुन्या रुळांशेजारी आणखी रूळ टाकण्याची होती, २९.६ किलोमीटरचा हा दुहेरी उपनगरी मार्ग म्हणजे नवी वाट. पनवेल, चिखले, मोहपे, चौक आणि कर्जत अशी पाच स्थानकं. इथे पूर्वीपासून एकेरी मार्ग आहे, त्यावरून मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. त्याच रुळांवरून लोकल का नाही सोडल्या, असा प्रश्न चौकच्या माणसाने विचारला तर तो रास्तच आहे. उत्तर असं, की एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत थांबून राहावं लागतं. दिवसातून चार फेऱ्यांना ते चालतं, दर दहा-पंधरा मिनिटांच्या लोकलला चालत नाही.

अभ्यासाची खरी कसोटी इथे प्रवाशांच्या अंदाजात होती. ठाणे-दिव्यात माणसं डोळ्यांसमोर लटकत होती, फक्त मोजायची होती. चौक-मोहप्यात ज्यांच्यासाठी मार्ग बांधायचा ती माणसं अजून तिथे राहायलाच आलेली नव्हती. २०१३ मध्ये सिडकोकडे सोपवलेलं विमानतळाभोवतीचं ‘नैना’ क्षेत्र, नवी मुंबई विमानतळ, कर्जतकडे सरकणारी स्वस्त घरं, या सगळ्याचा हिशोब धरून वीस वर्षांनंतरच्या गर्दीचा आकडा आज मांडायचा. कर्जतच्या माणसाला सीएसएमटी गाठायला कल्याणमार्गे दोन तास लागतात. पनवेलमार्गे साधारण अर्धा तास वाचावा, अशी अपेक्षा आहे. पण मला वाटतं, या मार्गाचे पुष्कळसे प्रवासी सीएसएमटीला जाणारच नाहीत. ते पनवेल, बेलापूर, तळोजा, विमानतळ असे जातील. सगळी माणसं दक्षिण मुंबईकडे निघाली आहेत, हे शंभर वर्षांचं गृहीतक इथे सोडावं लागेल.

डोंगरांनी आखणीला तीन बोगदे घ्यायला लावले. नढाळचा २१९ मीटरचा, किरवलीचा ३०० मीटरचा, आणि वावर्ल्याचा २,६२५ मीटरचा. १९१६ मधला पारसिक बोगदा १.३ किलोमीटरचा, शतकभर मुंबईच्या उपनगरी मार्गांवर त्याच्याएवढा लांब दुसरा नव्हता. वावर्ल्याचा बोगदा त्याच्या दुप्पट, आणि तो आरपार खोदून झाला आहे. या मार्गाच्या पैशाला आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेच्या ५० कोटी डॉलरच्या कर्जाचा हातभार आहे. ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडच्या ऐन काळात, तो करार झाला.

त्याच टप्प्यातल्या इतर दोन कामांची गत निराळी. विरार-डहाणू मार्गावर लोकल २०१३ पासून जाते, पण दोनच रुळांवर, गुजरातकडे धावणाऱ्या गाड्यांच्या मधल्या फटींतून. चौपदरीकरणाच्या वाटेत खाड्या आणि तिवरं आहेत, आणि उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर तिवरांना हात लावायचा तर सार्वजनिक कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. हा विलंब मला खटकत नाही. वैतरणेच्या काठची तिवरं गेली तर पुराचं पाणी उद्या त्याच रुळांवर येईल. ऐरोली-कळवा जोडमार्गाचं दुखणं मात्र जुनंच आहे. त्यातलं दिघा गाव स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालं. कळव्याच्या बाजूची सुमारे हजार कुटुंबं कुठे जाणार, यावर उन्नत मार्ग अडून राहिला. पहिल्या टप्प्यात वस्तीला सोबत घेऊन मोजणी कशी करायची हे जी यंत्रणा शिकली होती, तिला ते ज्ञान पुढच्या टप्प्यांत तितक्या निगुतीने का वापरता आलं नाही, हा प्रश्न कळव्याच्या रहिवाशांनी विचारत राहावा.

मार्च २०१९ मध्ये ३३,६९० कोटींचा एमयूटीपी-३अ मंजूर झाला. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, कल्याण-आसनगाव चौथी मार्गिका, बोरिवली-विरार पाचवी-सहावी मार्गिका, आणि दोन गाड्यांमधलं अंतर कमी करणारी नवी सिग्नल यंत्रणा. यादी लांब आहे आणि गरजेची आहे.

तिच्यापुढच्या यादीत पनवेल-वसई उपनगरी मार्ग आहे. तो मुंबईला स्पर्शच करत नाही. तळोजा, निळजे, दिवा-कोपर, भिवंडी रोड, खारबाव, कामण, जुचंद्र अशा गावांना तो पूर्व-पश्चिम जोडेल. भिवंडीचा यंत्रमाग कामगार पाळीवर जातो. रात्री आठला निघतो, सकाळी परततो. गोदामातली पोरं मध्यरात्री सुटतात. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ एवढेच तास गर्दीचे धरून तिथला अभ्यास केला, तर भिवंडी रोडच्या फलाटावर रात्री अकराला उभी असलेली माणसं कुठल्याच तक्त्यात येणार नाहीत. घरोघरच्या सर्वेक्षणाचे अर्ज मराठीबरोबर हिंदी-उर्दूतही छापावेत, प्रश्न विचारायला त्या गल्लीतल्याच बायका नेमाव्यात आणि आखणी अंतिम होण्याआधी तिचा नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. यासाठी कुठल्याही बँकेच्या कर्जाची गरज नाही.